चौकोनी स्वागत

सुगत तायडे यांना संगणकातलं सगळं कळतं. हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे, आणि त्यांच्या ऑफिसात दुसऱ्या कोणाला काहीच कळत नसल्यामुळे ते खोडून काढायला कोणी उरलेलं नाही. बंद पडलेला प्रिंटर ते दोन थपडा मारून सुरू करतात. चांगला चालणारा प्रिंटर बंद कसा पडला, हे मात्र त्यांना कोणी विचारत नाही.

तर अमरावतीतल्या त्यांच्या वस्तीच्या विहारात तैवानच्या एक भिक्खुणी येणार असं ठरलं. आमंत्रण सुगतरावांनीच ई-मेलनं धाडलं होतं, चांगलं दोन पानी, शुद्ध मराठीत. (त्याखाली इंग्रजीतल्या चार ओळी त्यांच्या पत्नीनं, ज्योत्स्नाबाईंनी, गुपचूप जोडल्या होत्या. पाहुण्या आल्या त्या चार ओळींवर.) विहार समितीचं सचिवपद रिकामं होतं आणि सुगतरावांचा सगळा जीव त्यात अडकला होता. पाहुण्या येऊन गेल्या की सचिव निवडायचा, असं ठरलेलं. समितीच्या बैठकीत हार, भाषण, भोजन अशी कामं वाटली जात होती, तेवढ्यात सुगतराव उठले आणि म्हणाले, "फ्लेक्स माह्याकडे. आन् तोही चिनी भाषेत!"

स्वागताचं चिनी वाक्य पाहुण्यांच्या शिष्येनं ज्योत्स्नाबाईंच्या मोबाइलवर पाठवलं. ते घेऊन सुगतराव अकोल्याला गेले. अमरावतीत फ्लेक्सवाल्यांचा दुष्काळ पडला नव्हता. पण अकोल्याचा कुंदन त्यांचा मावसभाऊ, आणि तो फार प्रश्न विचारत नाही. त्याच्या दुकानातल्या जुनाट संगणकात चिनी फॉन्टचा पत्ताच नव्हता. वाक्य टाकताच पडद्यावर रिकाम्या चौकोनांची एक लांबलचक रांग उमटली.

"भाऊ, हे तं नुसते डब्बे आले," कुंदन म्हणाला.

"डब्बे नाहीत बावा, चिनी हाय ते. त्यायची लिपी चौकोनीच असते."

"पन सारे एकसारखे?"

"तुले एकसारखे दिसतात! चिनी मानसाले मराठी दाखव, त्यालेही सारं एकसारखंच दिसन."

कुंदनचं समाधान झालं. त्यानं चौकोन आणखी मोठे केले, त्यांना लाल रंग दिला आणि खाली सुगतरावांचा गॉगल घालून हात जोडलेला फोटो टाकला. भिक्खुणींचाही फोटो होता. कोपऱ्यात.

घरी फ्लेक्स उलगडल्यावर ज्योत्स्नाबाई बघतच राहिल्या.

"अवो, हे काय आणलं? माह्या मोबाइलवर तं अक्षरं येगळी दिसून राहिली."

"मोबाइल लहान असते. त्यात अक्षर दबते. इथं ते पुरं फुललं."

(असा खुलासा करायलाही एक प्रकारची प्रतिभा लागते.)

"मंग फोटो पाठवून त्या शिष्येलेच इचारू का?"

"इचारून स्वागत करते का कोनी? सरप्राइज हाय ते! तू खिरीकडं पाहा."

ज्योत्स्नाबाई खिरीकडे गेल्या. खीर उत्तम झाली, एवढं इथेच सांगून टाकलेलं बरं.

कार्यक्रमाच्या सकाळी फ्लेक्स विहाराच्या फाटकावर चढला. समितीचे अध्यक्ष मोतीराम वानखडे खालून बराच वेळ पाहत राहिले.

"काहून रे सुगत, हा खिडक्यायचा नकाशा तं नाही ना?"

"चिनी हाय काका."

"अस्सं!" अध्यक्षांनी मान हलवली. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्या समितीनंही हलवली. न कळलेल्या गोष्टीपुढे मान हलवण्यात ही समिती कोणाला हार जाणार नाही.

पाहुण्या आल्या आणि फ्लेक्सखाली थबकल्या. त्यांनी चौकोनांच्या रांगेवरून एकदा इकडून तिकडे नजर फिरवली. मनानं सुगतराव सचिवाच्या खुर्चीत बसूनही झाले होते. मग पाहुण्यांचा चेहरा खुलला. त्यांनी हात जोडले आणि त्या इंग्रजीत काहीतरी बोलल्या. शेजारी उभ्या असलेल्या ज्योत्स्नाबाई सर्वांना सांगू लागल्या.

"त्या म्हनतात, तुमी आपल्या मायबोलीत माह्यं स्वागत लिहिलं, लय आनंद झाला."

"मायबोलीत?" अध्यक्ष म्हणाले.

"हो. त्या म्हनतात, ही मराठी हाय हे मी पाहताबरोबर वळखलं. यायचं दोन पानी पत्र माह्या कम्प्युटरवर अस्संच आलं होतं."

सगळ्या माना एकदम सुगतरावांकडे वळल्या. पाहुण्या पुन्हा काहीतरी बोलल्या. ज्योत्स्नाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आता म्हनतात, जरा वाचून दाखवा."

आणि सुगतरावांनी घसा साफ करून, एकेका चौकोनावर बोट दाखवत, ते वाचून दाखवलं!

सचिव म्हणून त्याच संध्याकाळी ज्योत्स्नाबाई एकमतानं निवडून आल्या. त्यांच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचा, हेही एकमतानं ठरलं. फक्त सुगतरावांना तो लागल्यावर कळवायचं.