लिफ्टचा सा

“सा हलला, की माझा हात थांबतो. हात थांबला, की परत पहिला वर्ग.”

गुरुबाईंचं हे वाक्य औषधदुकानातल्या वहिनींचा दिवसभर पिच्छा पुरवायचं. तळमजल्यावर गाणं शिकवणाऱ्या गुरुबाईंची परीक्षा घ्यायची रीतच न्यारी. वाळलेल्या कपड्यांचा ढीग पुढ्यात घेऊन त्या घड्या घालत बसायच्या. ढीग संपेपर्यंत विद्यार्थ्याने सा धरायचा. वहिनींबरोबरची चिल्लीपिल्ली केव्हाच ताना मारू लागली होती. वहिनींच्या वेळी मात्र हात पहिल्याच टॉवेलवर थांबायचा.

मग वहिनी हट्टालाच पेटल्या. रोज भल्या सकाळी, दुकान उघडण्याआधी, आपल्या घरातल्या, लिफ्टला लागून असलेल्या खोलीत दार लावून सा धरू लागल्या.

आणि नेमका तेव्हाच लिफ्टचा मिस्त्री जिन्यात ठाण मांडून बसला! त्याची हातोडी सुरू झाली, की वहिनींच्या मस्तकात तिडीक जायची. भांडण स्वभावात नव्हतं. सा सोडून त्या दार उघडायच्या, त्याच्याकडे नुसतं बघायच्या आणि परत जाऊन बसायच्या. की पुन्हा ठाण्‌ठाण्‌!

एका सकाळी जिन्यात सगळी इमारत जमली. लिफ्टची आतडी फरशीवर पसरली होती आणि सोसायटीचे चिटणीस मिस्त्रीला फैलावर घेत होते. लिफ्ट घुमते एवढीच तर तक्रार होती, मग ती पार सोलून का ठेवली? मिस्त्री म्हणाला, दोष मोटारीतच आहे. ठोकलं की आवाज थांबतो, जरा वेळाने परत सुरू. पुरावा म्हणून त्याने मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं.

वहिनींनी कान टवकारले. गळा चांगलाच ओळखीचा होता.

गच्चीवरचे कपडे घेऊन गुरुबाई जिना उतरत होत्या. त्यांनी टोपली कठड्यावर टेकवली आणि ऐकता ऐकता घड्या घालायला लागल्या. टॉवेल झाले, उशांचे अभ्रे झाले, भलीमोठी चादरही झाली.

“कोणाचा सा हा?”

“मोटारीचा, बाई. तसूभर हलत नाही बघा.”

गप्प राहावं, तर लिफ्टचं खापर मोटारीवर फुटून त्या सुटणार होत्या. पण मग साही मोटारीचाच ठरणार, आणि पहिला वर्ग जन्माला पुरणार.

“माझा आहे तो,” वहिनी पुटपुटल्या.

मिस्त्री आ वासून बघत राहिला. “मग ठोकल्यावर थांबायचा कसा?”

“तुम्हालाच बघायला उठायचे ना मी.”

गुरुबाईंनी शांतपणे टोपली उचलली. “उद्यापासून दुसरा वर्ग.”

चिटणिसांनी कपाळाला हात लावला. लिफ्ट जोडायला आता महिना तरी लागणार होता. सहाव्या मजल्यावरच्या आजोबांनी वरूनच विचारलं, मग माझं दूध कोण आणणार? सगळ्या माना वहिनींकडे वळल्या.

“मी आणीन, आजोबा. लिफ्ट चालू होईपर्यंत रोज.”

दुसऱ्या दिवशी दुधाची पिशवी घेऊन वहिनी जिन्याशी आल्या. नव्या वर्गाचा धडा होता सगळी सरगम एका दमात चढण्याचा. पायरीगणिक एक स्वर, असा बेत त्यांनी मनाशी केला होता. गंधारालाच धाप लागली! गळा वरच्या वर्गात गेला असला, तरी गुडघे अजून बिगरीतच होते.

वहिनींनी तोंड मिटलं, पिशवी सावरली आणि मुकाट्याने पुढची पायरी चढल्या.