पक्षी महोत्सवासाठी झाड छाटलं त्याची बखर

श्री तलावदेवी साक्ष आहे. जे डोळ्यांनी दिसलं तेच लिहिलंय, ज्याला झोंबेल त्याने पान उलटावं. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आषाढ मास. ते समयी सरकारस्वारींच्या मनात आलं की तलावाकाठी पक्षी महोत्सव करावा, रयतेस पाखरांची माया लावावी. मग हुकूम सुटले आणि मांडव पडला आणि खुर्च्यांना पांढरी कापडं चढली. पण मांडवाच्या डोक्यावर चिंचेचं झाड, आणि झाडभर बगळ्यांची घरटी, आणि बगळे शिटणारच. खुर्च्यांची पुढची रांग शिटेने भरली. कारभारी दाजीसाहेब कडाडले, "महोत्सव पक्ष्यांचा आहे, इथे हे बगळे कशाला? छाटा!" मग करवती चालल्या आणि घरटी खाली आली आणि पिल्लं चिखलात आपटली, बहुतेक जागीच मेली.

झाडाखाली सुगंधाबाई भोई मासळी विकीत. पाटीतली मासळी पळवतात म्हणून बगळ्यांना रोज शिव्या घालीत. त्यांनीच जिवंत राहिलेली चार पिल्लं पाटीत घेतली आणि मासळीचे तुकडे भरवू लागल्या. "खा मेल्यांनो! तुमच्या आईबापांनी कमी खाल्लं का माझं? पंख फुटले की चालते व्हा."

इतक्यात दाजीसाहेब शिपाई घेऊन आले. "बाई, रानटी पक्षी जवळ ठेवणं गुन्हा आहे."

"आणि घरटी पाडणं हो?"

दाजीसाहेबांनी शिपायांकरवी पाटी उचलवली. उद्घाटनाला सरकारांनी काहीतरी आकाशात सोडावं ही राज्याची रीत. आजवर फुगेच सोडले होते. दाजीसाहेब खूश जाहले.

मग स्वारी आली आणि हार पडले आणि निसर्गावर लांबलचक भाषण जाहलं आणि सरकारांनी एक पिल्लू हाती घेतलं. सुगंधाबाई गर्दीतून ओरडल्या, "साहेब, नका हो! उडता येत नाही अजून त्याला!"

दाजीसाहेब हसले. "पक्षी आहे बाई, दगड नाही."

सरकारांनी दोन्ही हातांनी जोरात उडवलं, आणि टाळ्या पडल्या, आणि पिल्लू फरशीवर पडलं. फोटोवाला म्हणाला, "साहेब, डोळे मिटले तुमचे. अजून एक घेऊ?" मग उरलेली तिन्हीही उडवली. सुगंधाबाईंना शिपायांनी धरून ठेवलं होतं.

येणेप्रमाणे महोत्सव यथासांग पार पडला, नगरीस पक्षिमित्र किताब मिळाला. दरबारात सरकारांचा मोठा फोटो लावलाय. छान आलाय. पिल्लू हवेत आहे.