चोरीला गेलेला खड्डा

"माझी नजर माणसाच्या आरपार जाते," असं माझे दाजी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात. गिऱ्हाईक बिचारं चष्म्याचा नंबर काढायला आलेलं असतं. त्याला वाटतं, ही तपासणीचीच भाषा असेल. पण दाजी तिथे थांबत नाहीत. तल्लख बुद्धी, पोलादी छाती आणि मांजराची चाल ही तिन्ही एका देहात क्वचितच नांदतात आणि तो देह सध्या नाइलाजाने चष्मे विकतो, असं त्यांचं स्वतःबद्दल नम्र मत आहे. दुकानाच्या पाटीवर 'चष्मे व काचा' याच्या खाली त्यांनी बारीक अक्षरांत 'गुप्त तपास' असंही लिहून घेतलंय. ते इतकं बारीक आहे की ज्याला वाचता येतं त्याला चष्मा लागत नाही, आणि ज्याला चष्मा लागतो त्याला ते वाचता येत नाही. त्यामुळे आमचा तपास आजवर खरोखरच गुप्त राहिला.

मी त्यांचा मेहुणा. दुकानात फ्रेमचे स्क्रू पिळतो आणि तपासाला निघालो की पिशवी धरतो. आतापर्यंत दोन प्रकरणं आमच्या हातून गेली. दोन्हींत हरवलेली वस्तू मालकाच्याच घरात सापडली आणि दोन्ही वेळा आम्ही शेजाऱ्याच्या घराची झडती घेत होतो.

तिसरं प्रकरण घरातूनच आलं. माझी ताई, म्हणजे दाजींची बायको, शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. यंदा समुद्राच्या धड्यावर मुलांनी सपशेल मान टाकली होती. एकाने चाचणीत 'भरती म्हणजे काय' याच्या उत्तरात 'जागा रिकामी असेल तर करतात ती' असं लिहिलं होतं. ताईला हसूही आलं आणि रडूही. तिने पुस्तक मिटलं आणि मुलांकडून समुद्रच बांधून घ्यायचं ठरवलं.

एक लांबलचक काचेची पेटी आणली. तळाला माती थापून मुलांनी समुद्राचा तळ घडवला. किनाऱ्याला लागून उथळ, जवळजवळ सपाट भाग, ती समुद्रबूड जमीन. तिच्यावर बारीक वाळू पसरली. तिच्या पुढे एकदम घसरता भाग, तो खंडान्त उतार. उताराच्या पायथ्याशी सागरी मैदान असतं, पण मुलांना खोलीचा फार सोस, म्हणून मैदान चिंचोळं ठेवून त्यांनी लगेच सागरी गर्ता खणली, म्हणजे समुद्रातली सगळ्यात खोल जागा. वर निळं पाणी ओतलं. पालकसभेच्या दिवशी मुलांनी हा समुद्र नीट समजावून सांगितला तर ती खोली कायमची विज्ञानाला द्यायची, असं मोठ्या बाईंनी कबूल केलं होतं. तोवर ती खोली चित्रकलेच्या बाई आणि ताई, दोघी मिळून वापरत होत्या.

आणि सभेला आठवडा राहिला असताना गर्ता नाहीशी झाली.

ताईने सकाळी पाहिलं तर खड्ड्याच्या जागी वाळू. तिने पाणी काढून चमच्याने तो पुन्हा खणला, पुन्हा पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी परत अर्धा बुजलेला. मुलं एकमेकांकडे संशयाने बघायला लागली, दोघांची तर मारामारी झाली. ताई रात्री जेवताना गप्प होती. दाजींनी खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं, आणि सांगितल्याचा तिला लगेच पश्चात्ताप झाला, कारण दाजींचे डोळे चमकले.

"तुम्ही यात पडू नका," ती म्हणाली.

"पडायला खड्डा शिल्लक आहे कुठे?" दाजी म्हणाले आणि हात धुवायला उठले.

सकाळी दुकानाला कुलूप लावून आम्ही शाळेत गेलो. खोलीत एक मोठं लोखंडी कपाट होतं, त्यात खेळाचं सामान. कपाटापुढे, खिडकीच्या उजेडात, चाकांच्या टेबलावर समुद्र. दाजींनी भिंगातून समुद्र पाहिला. मग मला बाजूला घेऊन हळूच समजावलं, की आजवर जगात पैसा चोरला गेला, दागिने चोरले गेले, पण खड्डा चोरणारा हा पहिलाच. खड्डा उचलून नेता येत नाही, तो भरावाच लागतो. म्हणजे चोराने काही नेलेलं नाही, उलट आणून ठेवलंय. असा उदार चोर फार धोकादायक असतो.

मग ते वर्गाच्या दाराआड उभे राहिले. आत दोन मुली उजळणी करत होत्या. एक म्हणाली, पाणी मुख्यतः चंद्र ओढतो, सूर्य नुसती मदत करतो. दोघे एका रेषेत आले की उधाणाची भरती, काटकोनात असले की भांगाची भरती. शेवटचे शब्द ऐकून दाजींचा हात आपोआप डोक्यावर गेला. तिथे भांगच काय, केसही फारसे नाहीत. टोमणा त्यांनी गिळला, पण नावं पकडली आणि तडक मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन चंद्र आणि सूर्य या दोन विद्यार्थ्यांना हजर करा म्हणून सांगितलं. चंद्र म्होरक्या, सूर्य साथीदार. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "दोघेही ओळखीचे आहेत, पण आमच्या शाळेत नाहीत."

दाजींनी याचा अर्थ असा काढला की शाळा त्यांना पाठीशी घालतेय.

दुसरा संशय खेळाच्या सरांवर गेला. लांब उडीच्या हौद्यात वाळू असते आणि तो हौदा सरांच्या ताब्यात. दाजींनी मला हौद्यात उतरवून मूठभर वाळू आणायला लावली. पेटीतल्या वाळूशेजारी ठेवून भिंगातून पाहिली. हौद्यातली जाडीभरडी, पेटीतली मैद्यासारखी. दाजींनी सरांना बोलावून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं आणि ते निर्दोष असल्याचं जाहीर केलं. आपल्यावर आरोप होता हे सरांना तेव्हाच कळलं. भला माणूस, आभार मानून गेला.

उरलं पाळत ठेवणं. दाजी जेवणाच्या सुट्टीनंतर त्या लोखंडी कपाटात शिरले. मी टेबल पुन्हा कपाटाला टेकवून ठेवलं आणि बाहेर पाण्याच्या नळापाशी पहाऱ्याला उभा राहिलो. इतकं पाणी प्यालो की एका शिक्षिकेने मला बरं नाही का म्हणून विचारलं. दुपारभर खोलीत कुणी गेलं नाही. शेवटच्या तासाला खेळाचे सर गेले, थोड्या वेळाने काखेत चेंडू घेऊन बाहेर आले आणि माझ्याशी जरा चाचरत बोलले, की कपाटात तुमचे ते तपासवाले गृहस्थ आहेत, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, म्हणून मी चेंडू घेतले आणि सगळं होतं तसं परत लावून आलो, काही चुकलं नाही ना? मी म्हटलं, छे, बरोबर केलंत.

शाळा सुटली तरी दाजी बाहेर येईनात. मग आतून धडपडल्याचा आवाज आला. टेबल कपाटाला टेकलेलं, त्यामुळे दार उघडेना. शेवटी दाजींनी पोलादी छाती वापरली. टेबल चाकांवरून गडगडत निम्म्या खोलीपर्यंत गेलं आणि दाजी गळ्यात उडी मारायच्या दोरीसह बाहेर पडले. मी आत धावलो. पेटीतलं पाणी इकडून तिकडे हिंदकळत होतं, तळ गढूळ झाला होता.

दाजी पाण्याकडे एकटक बघत राहिले. "पाणी अजून हलतंय," ते कुजबुजले. "म्हणजे तो नुकताच इथून गेलाय."

पाणी निवळल्यावर दिसलं, गर्ता काठोकाठ बुजली होती. मी कपाळाला हात लावला. दाजींच्या चेहऱ्यावर मात्र आदर होता. त्यांच्या डोळ्यांदेखत, खरं तर त्यांच्या नाकासमोर, गुन्हा घडला होता. आता हे काम बाहेरच्याचं नव्हे, खोलीत ज्याची नित्य ये-जा आहे त्याचंच, असं ते घरी जाताना म्हणाले. आणि ताई सोडली तर तसं दुसरं एकच माणूस होतं.

चित्रकलेच्या बाई ताईच्या खूप जुन्या मैत्रीण. दोघी रोज एका डब्यात जेवतात. आमच्या घरी येतात, दाजींना भाऊजी म्हणतात, त्यांच्या कहाण्या शेवटपर्यंत ऐकणारं घराबाहेरचं तेवढंच माणूस. हे सगळं मी दाजींना बोलून दाखवलं. ते म्हणाले, तपासाला नातं नसतं. शिवाय बाईंची बोटं निळी असतात आणि पेटीतलं पाणीही निळं आहे. ते पाणी बाईंनीच आपला रंग घालून निळं करून दिलंय, असं मी सांगितलं, तर म्हणाले, बघ, कबुलीही आहे.

सभेच्या आदल्या दिवशी, शेवटच्या तासाला, दाजींनी सगळ्यांना त्या खोलीत जमवलं. मोठ्या बाई आल्या, सातवीची मुलं भिंतीला टेकून उभी राहिली. ताईला वाटलं, दाजी आता हार मानून माफी मागणार, म्हणून तीही आली. चित्रकलेच्या बाई मुलांनी रंगवलेली पाटी घेऊन आल्या; 'आमचा समुद्र' असं तिच्यावर लिहिलं होतं.

दाजी लांबून सुरू झाले. उधाण, ओहोटी, लाटेचं शीर्ष, प्रवाह, ऐकलेले सगळे शब्द त्यांनी चुकीच्या जागी वापरले. मुलं खुसखुसत होती. मग ते वळले आणि म्हणाले, विज्ञानाचा समुद्र बिघडला की ही खोली कुणाला मिळणार? चित्रकलेला. त्यांनी बोट दाखवलं.

कुणी हसलं नाही. बाईंनी पाटी हळूच खाली ठेवली.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "खोली विज्ञानाला द्या, असा अर्ज मीच केलाय मोठ्या बाईंकडे."

ताई दाजींकडे बघतही नव्हती. तिचा चेहरा असा झाला होता की मी नजर खिडकीबाहेर वळवली. मोठ्या बाईंनी मान हलवून अर्जाला दुजोरा दिला. दाजींचं बोट अजून हवेतच होतं. ते खाली कसं घ्यायचं हे त्यांना कळत नव्हतं.

नेमके तेव्हा खेळाचे सर आत आले. गर्दी बघून थबकले, मग माफी मागत म्हणाले की चेंडू हवे होते, आत्ता घेऊन जातो. त्यांनी सवयीने टेबलाची कड धरली, टेबल आपल्याकडे ओढलं, कपाट उघडून चेंडू काढले, आणि टेबल परत ढकलून दिलं. पाणी एका टोकाला चढलं, दुसऱ्या टोकाला उतरलं. सर दारापर्यंत पोचले होते.

"सर, थांबा," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. त्या पेटीशी वाकल्या होत्या. "परत एकदा ओढा."

सरांनी ओढलं. आम्ही सगळे काचेशी गोळा झालो. समुद्रबूड जमिनीच्या काठावरची वाळू लाटेसरशी उठली, धुरासारखी उतारावरून खाली गेली, चिंचोळं मैदान ओलांडून गर्तेत उतरली आणि निवांत बसली.

सरांनी विचारलं, काय झालं, मी रोजच तर असं घेतो. बाई म्हणाल्या, तेच तर झालं.

मुलांमध्ये एकदम गलका उठला, आणि त्या गलक्यात ताई पहिल्यांदा हसली. तिने मुलांना सांगितलं की खऱ्या समुद्रातही हेच होतं. नद्या गाळ आणतात, तो समुद्रबूड जमिनीवर साचतो, आणि कधी भूकंपाचा हादरा बसला की उतारावरून खाली घसरत जातो. आपल्या समुद्रात भूकंप रोज शेवटच्या तासाला होत होता, इतकंच. सर एवढे ओशाळले की चेंडू तिथेच विसरून गेले.

मोठ्या बाई म्हणाल्या, उद्या पालकांना हेच दाखवा.

मुलं पांगल्यावर दाजी चित्रकलेच्या बाईंपुढे जाऊन उभे राहिले. मला भीती होती की ते कारणं देतील. त्यांनी दिली नाहीत. "चुकलो," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं सर्वांत छोटं वाक्य. बाईंनी थोडा वेळ त्यांना तसंच उभं ठेवलं, मग टेबलावरचा चमचा उचलून त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं की उद्या दर वेळी गर्ता भरणार, दर वेळी कुणीतरी ती रिकामी करायला हवी.

सभेच्या दिवशी दाजी बाह्या सरसावून पेटीमागे स्टुलावर बसले. पालकांचा घोळका यायचा, मुलं समुद्र समजावून सांगायची, खेळाचे सर ऐटीत टेबल ओढायचे, वाळू घसरायची, पालक वा म्हणायचे. ते पुढे गेले की दाजी कोपरापर्यंत पाण्यात हात घालून गाळ काढायचे आणि तो परत किनाऱ्यावर नेऊन पसरायचे. चित्रकलेच्या बाई मधूनच येऊन वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, अजून खोल. दाजी मुकाट्याने आणखी खणायचे. दुपारपर्यंत त्यांचा हात कोपरापासून बोटांपर्यंत निळा झाला होता.

शेवटी एक आजोबा नातीला घेऊन उशिरा आले. मुलं खाऊ खायला गेली होती, ताई दाराशी कुणाशी तरी बोलत होती. आजोबांनी विचारलं, हे काय आहे. दाजींनी इकडेतिकडे बघितलं, दुसरं कुणी नव्हतं, म्हणून स्वतःच उभे राहिले. समुद्रबूड जमीन दाखवली, उतार दाखवला, मैदान दाखवलं, गर्ता दाखवली. लाट का येते, भरती कोण आणतं, गाळ कुठून येतो आणि कुठे जातो, सगळं नीट, एकापुढे एक, कुणावरही आळ न घेता सांगितलं. ताई दाराशीच मागे वळली आणि तिथूनच ऐकत राहिली.

नातीने काचेला नाक लावून विचारलं, मग चूक कुणाची, वाळूची का?

"छे गं," दाजी चमचा पुसत म्हणाले, "वाळू साधी आहे. तिला उतारानं फूस लावली."