पाऊण तासाचा सिनेमा

दोन दिवस सरस्वतीच्या घशाखाली पेजसुद्धा उतरत नव्हती. डिचोलीच्या महिला भजनी मंडळात ती वर्षानुवर्षं मागच्या रांगेत टाळ वाजवत आलेली. यंदा मुख्य गायिकेचा आवाज बसला आणि संध्याकाळच्या स्पर्धेत अभंग सरस्वतीने म्हणायचा, असं ठरलं. तिचं मन जरा दुसरीकडे वळावं म्हणून तिच्या नवऱ्याने, शिवदासमास्तरांनी, स्पर्धेच्या दिवशी दुपारी तिला पणजीला सिनेमाला न्यायचं ठरवलं. (मास्तर निर्णय चटकन घेत. निस्तरायला मात्र वेळ लागे.)

सिनेमा पुण्यातल्या मुलाने सुचवला होता. "बाबा, पिरियड फिल्म आसा. जुन्या हॉलिवुडाचेर. जगभर पुरस्कार मेळ्ळ्यात!"

उभी हयात शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला पिरियड म्हणजे पाऊण तास. सिनेमा सुटल्यावर चहा घेऊनही स्पर्धेला आरामात पोचू, असा मास्तरांनी हिशेब केला.

पडद्यावर जुन्या काळचा एक नट सिगारेट ओढत बसला होता. बराच वेळ झाला तरी तो ओढतच होता. लोक धन्य होऊन बघत होते. मास्तरांनी रसिक व्हायचा कसून प्रयत्न केला, पण त्यांना काही म्हणता काही वाटेना. इतक्या गाजलेल्या सिनेमाने आपली निराशा करावी, याची त्यांना लाजच वाटू लागली. दिवे लागताच ते उठले.

"चल गो, सुटलो एकदाचो!"

"काका, हो इंटरव्हल," शेजारची बाई म्हणाली.

"पूण पिरियड फिल्म न्हय?"

"पिरियड म्हणल्यार जुन्या काळाचो सिनेमा. अजून दोन वरां आसा."

अजून दोन तास! मास्तरांना घाम फुटला. "ऊठ सरस्वती, स्पर्धा चुकतली!"

सरस्वती जागची हलली नाही. "बसात मरे. बरो आसा सिनेमा."

"कितें बरें आसा तातूंत?"

मास्तरांनी उठवायला तिचा हात धरला, तर तो बर्फासारखा गार. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बाईला सिनेमा बघायचा नव्हता, स्पर्धा चुकवायची होती. मास्तरांना गलबलून आलं.

"आज चुकलें जाल्यार जल्मभर चुटपुट लागतली तुका," ते हळूच म्हणाले. "हांव फुड्यांतच बसतलों. माझ्या तोंडाकडेन पळोवन गा."

सरस्वती उठली. मास्तरांनी स्कूटर अशी पिटाळली, की तिला वाटेत घाबरायलाही सवड मिळाली नाही.

डिचोलीच्या देवळात स्पर्धा रंगात आली होती. सरस्वती मंचामागे आपल्या मंडळात गेली आणि मास्तर शब्द दिल्याप्रमाणे अगदी पुढे बसले. पंख्याचा वारा, उदबत्तीचा वास, संथ लयीतला टाळ. सिनेमाने शिणलेले डोळे क्षणभर मिटले.

टाळ्यांच्या कडकडाटाने ते दचकून जागे झाले. बायका मंचावरून उतरत होत्या. मास्तर धावतच मागे गेले.

"कितें गायलेंस गो! डोळ्यांतल्यान उदक आयलें माझ्या!"

सरस्वतीने उतरणाऱ्या बायकांकडे बोट दाखवलं. "तें पार्सें गांवचें मंडळ. आमचो नंबर आतां."

मंडळातल्या बायका फिसकन हसल्या. मग दोन दिवसांत पहिल्यांदाच सरस्वतीही पोट धरून हसली, आणि त्याच हसऱ्या तोंडाने मंचावर जाऊन खणखणीत गायली.

मास्तरांनी अभंग शेवटपर्यंत जागेपणी ऐकला. बायकांनी त्यांना खांबापाशी उभं केलं होतं.