झाडून सगळे

दहिवलीत हरिनाम सप्ताह होता आणि आबाजी ठोंबऱ्यांनी छाती पुढे काढून जाहीर केलं होतं, "या वर्षी साईनाथबुवा जेवणार ते आमच्याच घरी!"

सहा वर्षं बुवांचं कीर्तन ऐकून आबाजींचे डोळे पाझरत होते, आणि सहा वर्षं बुवा जेवत होते शेजारच्या रोहिदासकडे. कारण उघड होतं. रोहिदासचं घर असं, की माशी आत आली तरी पाय पुसून बसेल. आबाजींच्या घरी बुवा एकदाच चहाला आले होते. खुर्चीवर टेकले आणि 'पांडुरंग!' म्हणत उडी मारून उठले. लोकांना वाटलं, समाधी लागली. लागली होती नारळ खवायची विळी.

त्या खुर्चीवर एरवी वाळलेल्या, पण घडी न झालेल्या कपड्यांचा ढीग असायचा. घरात त्याला 'राजमाची' म्हणत. "माझा शर्ट कुठाय?" असं मुलगा जितेशने विचारलं, की सून छाया सांगायची, "राजमाचीवर. बालेकिल्ल्यात बघा."

पण सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी बुवांनी निरूपणात सांगितलं, "मन रोज झाडा! साचू देऊ नका!" आबाजींना ते काळजात भिडलं. बुवांनी मनाचं सांगितलं होतं, आबाजींनी पडवीपासून सुरुवात केली.

रात्रीत नियम तयार झाले आणि सकाळी फ्रिजवर चिकटले. आपली गोधडी आपण घडी करायची. जेवल्यावर ताट घासूनच हात पुसायचे. घरातून बाहेर पडताना एक तरी वस्तू जागेवर ठेवायची. आणि संध्याकाळी सातला सगळ्यांचे मोबाईल टीव्हीखालच्या टोपलीत! पहाटेपर्यंत हात लावायचा नाही.

"आन तुमचा मोबाईल?" इंदूबाईंनी विचारलं.

"माझा पयला!"

"आन तुमची गोधडी?"

"मी नियम करणारा हाय गं, इंदे. सगळंच मी करत बसलो तर नियम कोण करंल?"

इंदूबाई चाळीस वर्षं संसार करून होत्या. त्यांनी आबाजींकडे पाहिलं नाही, विठोबाच्या तसबिरीकडे पाहिलं.

बुधवारी संध्याकाळी बुवांनी होकार दिला. गुरुवारी दुपारी जेवण आबाजींकडे! आबाजी घरी आले ते जमिनीच्या चार बोटं वरून. सात वाजायला दोन मिनिटं कमी होती. म्हणजे घरच्यांना तातडीने कळवणं आलं. छाया मागच्या दारी वाल सोलत होती, जितेश खोपोलीला कारखान्यात पाळीवर, इंदूबाई चुलीपाशी. हाक मारली असती तरी दोघींना ऐकू गेली असती. पण कळवायचं ते लेखी, हा आबाजींचा बाणा. त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं:

'उद्या बुवा आपल्या घरी जेवायला. झाडून सगळ्यांनी दहा वाजता तयार राहावे. सबब चालणार नाही. – आबाजी'

म्हणजे केर काढून, आवरून, सगळ्यांनी तयार राहावं! इतकं साधं, सरळ मराठी.

फक्त एक झालं. आबाजी भाविक माणूस. 'घरचे' या ग्रुपला त्यांनी विठोबाचा फोटो लावला होता आणि 'हरिपाठ मंडळ, दहिवली' या ग्रुपलाही तोच. चष्मा होता देवघरात. निरोप गेला मंडळाला! आणि मोबाईल गेला टोपलीत, शिस्तीत, सातच्या ठोक्याला.

मग आबाजींनी दारातून आत डोकावून तेवढं तोंडी सांगितलं, "उद्या बुवा जेवायला. बाकीचं लिहून दिलंय!"

टोपलीतला मोबाईल पहाटेपर्यंत थरथरत राहिला. आबाजींना वाटलं, टीव्हीखाली उंदीर शिरलाय.

पहाटे मोबाईल तिथेच विसरून आबाजी काकड्याला गेले ते तिकडेच रमले. साडेदहाला बुवांना घेऊन घराकडे निघाले, तेव्हा वाटभर तेच बोलत होते.

"बुवा, तुमच्या एका वाक्यानं घर पालटलं! आता आमच्याकडं टाचणी पडली तरी दिसते!"

"वा! साधी सवय असते, आबाजी, पण घराचं देऊळ होतं."

वळण घेतलं आणि आबाजी थबकले. अंगणात चपला. पायरीवर चपला. तुळशीच्या कट्ट्यावर चपला! साठ-सत्तर जोड असतील.

एवढी माणसं घरी एकाच कारणाने जमतात. "इंदे!" म्हणून त्यांनी असा हंबरडा फोडला, की बुवांनी घाईघाईने डोक्यावरचं पागोटं उतरवलं.

आतून इंदूबाई बाहेर आल्या. हातात उलथणं होतं. "मेली नाय मी अजून! पण आता मरंन! ही सगळी जेवायला कोणी बोलावली?"

मागून मंडळाचे म्हातारे पोशाकाका हसत आले. "आबा, तू सांगितल्यापरमानं झाडून सगळी आलीत बग! कोणी सबब नाय सांगितली. गुडघे दुकतात तरी माजी म्हातारी पन आली."

झाडून सगळी! आबाजींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि डोळ्यांपुढे अंधार.

"अरं, मी घर झाडायला सांगितलं होतं!"

"कोनाला?"

"घरच्यांना!"

"आमाला काहीच आलं नाही, मामा," छाया म्हणाली. तिच्या कपाळावर पीठ होतं. "आम्ही बारा जणांचं बिरडं टाकलं. घर आवरायला काढणार, तर दहाच्या ठोक्याला दारात दिंडी! ह्यांनी सगळं उचललं आणि कपाटात कोंबलं."

रात्रपाळी करून आलेला जितेश कपाटाला पाठ लावून उभा होता, डोळे मिटून. झोपला होता की कपाट धरून होता, सांगणं कठीण.

बुवा आत आले. बसायला जागा नव्हती. सतरंजीवर माणसं, पलंगावर माणसं, खिडकीत माणसं. खुर्चीवर मात्र कोणी नव्हतं; विळीची गोष्ट गावभर माहीत होती. तेवढ्यात मंडळातल्या बायका मदतीला सरसावल्या.

"ताटं हितं असतील," म्हणत पोशाकाकांच्या म्हातारीने जितेशला बाजूला सारलं आणि कपाट उघडलं.

राजमाची कोसळली! टॉवेल, परकर, शाळेपासूनचे स्वेटर, छत्र्या, एक कुकरचं झाकण... आणि सगळ्यात शेवटी आबाजींची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, नाडीसकट, अलगद तरंगत आली आणि बुवांच्या खांद्यावर उपरण्यासारखी विसावली.

कोणी हसलं नाही. म्हणजे सप्ताह होता, बुवा होते, म्हणून. पोशाकाका तोंडात टोपी कोंबून अंगणात गेले.

बुवांनी चड्डी दोन बोटांनी उचलली, नीट चौघडी केली आणि आबाजींच्या हातात ठेवली. "जागेवर ठेवा," ते शांतपणे म्हणाले. "आणि आबाजी, माझी साखरेची गोळी झाली आहे. अकरापर्यंत पोटात काही गेलं नाही, तर कीर्तनाऐवजी माझाच हरिपाठ म्हणायला लागेल."

पंगत बसवायची तर आधी साठ माणसं उठवायची. बिरडं बाराचं. इंदूबाईंनी पातेल्यात तिसऱ्यांदा पाणी ओतलं होतं. आता त्यातला वाल शोधायला गळ लागला असता.

तेव्हा गर्दीतून रोहिदास पुढे झाला. फार नम्रपणे. "बुवा, माज्याकडं बसा ना. घर मोकळंच हाय. आमी झाडून सगळे हितं आलोय."

आबाजींनी स्वतःच्या हाताने ताट वाढलं. भाकरी, बिरडं, खीर. ते ताट झाकून, अंगण ओलांडून, रोहिदासच्या चकचकीत ओटीवर त्यांनी स्वतः नेलं. बुवा पोटभर जेवले. आबाजी दारात उभे राहिले, कारण त्यांचे पाय मळलेले होते.

संध्याकाळच्या कीर्तनात बुवा रंगात आले. "आज एका घरी गेलो," ते म्हणाले. "काय सांगू! उंबऱ्यात पाऊल ठेवायला जागा नाही, इतकी माणसं! साधा निरोप गेला, तर कोणी मागे राहिलं नाही. असं प्रेम लोकांनी करावं, ते घर धन्य!"

आबाजींचे डोळे घळाघळा वाहू लागले. इंदूबाईंनीही पदर डोळ्यांना लावला.

"आणि नीटनेटकं घर कसं असावं," बुवा पुढे म्हणाले, "हे रोहिदासांकडे पाहावं."

इंदूबाईंनी पदर खाली घेतला.

कीर्तन संपल्यावर आबाजी बुवांच्या पायांवर डोकं ठेवून उठेचनात. "बुवा, पुढल्या वर्षी तरी माझ्याकडं जेवा."

बुवांनी त्यांना उठवून छातीशी धरलं. "येणार! नक्की येणार, आबाजी!" मग कानाशी लागून हळूच म्हणाले, "फक्त निरोप इंदूबाईंना देऊ द्या."