तीन खोल्या आणि एका बंबाचे समन्यायी वाटप

पाणी काय किंवा जागा काय, मुळात कमी कधीच नसते. कमी पडतो तो तक्ता. हे आमच्या खात्याचं मत आहे, आणि बावीस वर्षं पगार घेतल्यामुळे माझंही आहे.

मी कालवा निरीक्षक. कालव्यात पाणी सुटलं की कोणत्या शेताला किती तास द्यायचं याचा तक्ता करणं हे माझं काम. आमचा कालवा बारामती तालुक्यातून पुढं इंदापुरात जातो. पाणी जिथं आधी पोचतं त्या बाजूला हेड म्हणतात, शेवटच्या बाजूला टेल. नियम असा की पाणी आधी टेलला द्यायचं आणि मग मागं मागं येत हेडला. नियम उत्तम आहे. (तो पाळलेला मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा मोठे साहेब पाहणीला आले होते.)

माझी पहिली बायको सारजा ब्याण्णवच्या ऑगस्टमध्ये काविळीनं गेली. पंधरा दिवसांत गेली. त्यानंतर पावणेदोन वर्षं मी दोन मुलांना स्वतःच्या हातचं खायला घातलं, आणि शेवटी मुलांनीच माझ्या थोरल्या बहिणीला, गोजरबाईला, चिठ्ठी पाठवली की आप्पांचं दुसरं लग्न करा. चिठ्ठीत माझ्या एकटेपणाचा उल्लेख नव्हता. भाकरीचा होता.

गोजरबाईनं इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याची रतन शोधली. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी वारलेला, पदरी दोन मुलं. तिची अट एकच होती, ती गोजरबाईनं मला जशीच्या तशी सांगितली. “पोरांस्नी तितं हक्काची जागा पायजे. परक्यावानी कोपऱ्यात बसायची पाळी आली तर ती पोरं घिऊन माघारी जाईल. आन म्हिपती, ती जाईल बरं का. नुसतं तोंडानं बोलनारी बाई न्हाय ती.”

मी म्हणालो, “अक्का, वाटप हे माझं कामच हाय.”

गोजरबाई म्हणाली, “म्हून तर काळजी वाटती.”

चौऱ्याण्णवच्या एप्रिलमध्ये लग्न झालं. रतनबरोबर तिची वैष्णवी आणि सोपान बारामतीकडच्या सांगवीला आमच्या घरी आले, आणि एक म्हैस आली. आमच्याकडे अनिता, दादासो आणि एक म्हैस होतीच. म्हणजे हेडचे लाभधारक दोन, टेलचे दोन, म्हशी दोन. इतकी समसमान विभागणी खात्यात मला कधी जमली नव्हती. मी त्याच दिवशी तक्ता केला आणि भिंतीला चिकटवला. पुढची खोली: दादासो व सोपान. मधली खोली: अनिता व वैष्णवी. ओटा: मी (कार्यालयीन सोय). गोठा: म्हशी दोन. मागची खोली: दुरुस्तीसाठी बंद.

मागच्या खोलीत सारजाचं शिलाई मशीन, तिची पेटी आणि साड्या होत्या. कुलूप मी घातलं होतं, किल्ली माझ्या खिशात होती. दुरुस्ती नेमकी कशाची करायची हे निश्चित न झाल्यामुळे काम सुरू होऊ शकलं नव्हतं. अशी कामं असतात. स्वयंपाकघर सोडून तीन खोल्यांच्या घरात चार मुलं बसवायची आणि खोल्या दोनच मोजायच्या, यात मला काही वावगं दिसलं नाही. कागदावर बंद ते बंद.

अनिता आणि वैष्णवी दोघीही पंधराच्या, दोघीही दहावीत. मधल्या खोलीत टेबल एक आणि बल्ब एक. अनितानं पहिल्याच दिवशी फरशीवर खडूनं रेघ मारली. ती रेघ महिन्याला चार बोटं वैष्णवीच्या बाजूला सरकत गेली. आमच्याकडे याला बांध कोरणं म्हणतात. ते शिकवावं लागत नाही.

आंघोळीचं वाटप मी जास्त शास्त्रशुद्ध केलं. न्हाणी एक, बंब एक. बंबात गरम पाणी साडेपाच बादल्या. बंब रोज पहाटे पेटलेला असे. नियमाप्रमाणे सुरुवात टेलपासून: साडेपाचला सोपान, मग वैष्णवी, मग दादासो, अनिता, शेवटी मी. प्रत्येकी दहा मिनिटं, एक बादली. अर्धी बादली गळती धरली.

दुसऱ्याच दिवशी अनिता पाच वाजता उठली आणि केस धुवायला दोन बादल्या घेऊन मोकळी झाली. हेडवर अनधिकृत उपसा. मी बंबाच्या तोटीला तार गुंडाळून शिशाचं सील मारलं. तिसऱ्या दिवशी दादासोनं वरचं झाकण काढून तांब्यानं पाणी काढलं. मी पंचनामा लिहिला. पंच म्हणून गोजरबाईला बोलावलं तर ती म्हणाली, “आंघुळीच्या पान्यावं माझा आंगठा घेतोस व्हय रं? लाज न्हाय वाटत?” पंचनाम्यावर ‘पंचांनी सहीस नकार दिला’ असा शेरा मारला.

“काय गं, तुमच्या इंदापुरात आंघुळीला पानी मिळत न्हवतं का?” अनितानं एकदा वैष्णवीला विचारलं. “बंब बघितला का धावत सुटतीस ती.”

“मिळंल कुठनं? समदं तुमीच वर अडिवतासा.”

“आमी न्हाय. आप्पा अडिवत्यात. त्यास्नी पगारच त्याचा हाय.”

दोघी हसल्या. पहिल्या सहा महिन्यांत त्यांचं एकमत झालेला मुद्दा हा एवढाच.

सहा महिन्यांच्या अखेरीस मी अहवाल केला. टेलला मंजूर पाणी दोन बादल्या. प्रत्यक्ष पोचलेलं पाऊण, तेही कोमट. सोपाननं कंटाळून रोजची आंघोळ सोडली आणि तो फक्त रविवारी करू लागला, त्यामुळे टेलच्या तक्रारी पन्नास टक्क्यांनी कमी झाल्या. अहवालात मी ही सुधारणा म्हणून दाखवली.

रेघेबद्दल वैष्णवीनं तक्रार केली नाही. रेघ तिच्या अंथरुणापर्यंत आली तेव्हा ती पुस्तकं घेऊन गोठ्यात गेली. तिथं बल्ब होता आणि म्हशींची हरकत नव्हती. मी तक्त्यात गोठ्यापुढे ‘अभ्यासिका’ असा शब्द वाढवला. जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा झाली. वैष्णवीला गणितात दीडशेपैकी एकतीस मार्क पडले. वरकुट्यात असताना ती वर्गात पहिली येत होती.

हे रतनच्या भावाला, गेणबाला, कळलं. तो त्याच्या एम-एटी गाडीवरून वरकुट्याहून आला. आधी गोठा बघितला, मग ओट्यावर माझ्यासमोर बसला.

“दाजी, ऐतवारी येतो. दोन्ही पोरं न्हेतो.”

“आन रतन?”

“पोरं गेल्यावं ती कशाला ऱ्हाती हितं? आज न्हाय तर चार दिसांनी यील माघारी.”

मी त्याला तक्ता दाखवला. त्यानं तो खालून वरपर्यंत वाचला. टेलच्या शेतकऱ्याला आमचे तक्ते खालूनच वाचायची सवय असते.

“मागची खोली दुरुस्तीला बंद हाय म्हनं. कवापासनं?”

“दोन वर्सं पाच म्हयने.”

“आमच्या कालव्याच्या चारीवं बी असलीच पाटी हाय,” गेणबा म्हणाला. “तितं आता बाभळी उगावल्यात.”

तो चहा न घेता गेला. मी खिशात हात घातला तर किल्ली होती. ती बाहेर काढायचं एकही कारण माझ्या मनात आलं नाही. मी नवा तक्ता करायला बसलो. मधल्या खोलीच्या दोन पाळ्या करायच्या, असा त्यात विचार होता.

दुसऱ्या दिवशी अनितानं माझ्यापुढे एक कागद ठेवला. तो पाणी मागणीचा छापील अर्ज होता, नमुना नंबर सात. (घरात त्यांचा गठ्ठा पडलेला असतो, मुलं त्यावर गणितं सोडवतात.) तिनं सगळे रकाने भरले होते. मागणी केलेलं क्षेत्र: मागची खोली. पीक: दहावी, दोन नग. हंगाम: मार्चअखेर. खाली अर्जदार म्हणून अनिता आणि वैष्णवी, दोघींच्या सह्या होत्या. हेड आणि टेलनं एकाच अर्जावर सह्या केल्याचं माझ्या नोकरीतलं हे पहिलं उदाहरण.

“तुला कशाला पायजे? तुला टेबल हाय की,” मी म्हणालो.

“त्यांचा मामा ऐतवारी येनार. रतनआई गेली का परत तुमच्या हातची भाकरी. आमी न्हाय खानार.”

“ती खोली बंद हाय, अनिता.”

ती उभीच राहिली. मग म्हणाली, “आप्पा, आई काय तुमची एकट्याचीच मेली का?”

अर्जावर निर्णय घेण्यापूर्वी स्थळपाहणी करावी लागते. मी टेप घेतला आणि कुलूप उघडलं. लांबी बारा फूट, रुंदी दहा. पूर्वेला खिडकी एक. उंदरांचा उपद्रव मध्यम. मशीनवर कापड होतं तसंच होतं, सुई खाली टेकलेली. अनिताच्या आठवीच्या गणवेशाचा निळा स्कर्ट, एक बाजू शिवून झालेली, दुसरी राहिलेली. त्या मापाची मुलगी आता घरात नाही. स्कर्ट मी सुईतून सोडवला आणि घडी करून पेटीत ठेवला. या कामाला पंधरा मिनिटं पुरायला हवी होती. मला दुपार लागली.

अर्ज मंजूर केला. शेरा: दुरुस्तीचं काम पूर्ण.

रविवारी गेणबा आला. मागच्या खोलीत दोघी पुस्तकं लावत होत्या आणि मशीन कुठं सरकवायचं यावरून भांडत होत्या. त्यानं भांडण ऐकलं, कुलूप हातात घेऊन बघितलं, आणि एम-एटीवरून एकटाच परत गेला. जाताना चहा घेतला.

त्या दुपारी मी सुधारित तक्ता केला. मागची खोली: अनिता व वैष्णवी. पुढची खोली: दादासो व सोपान. गोठा: म्हशी दोन. मधली खोली रिकामी झाली होती, ती मी स्वतःला घेतली. जानेवारीत ओट्यावर गार लागतं. खाली बेरीज केली. म्हशी वगळून माणसं पाच. रेशनकार्डावर सहा.

मी तीनदा बेरीज केली. पाचच आली. तेव्हा रेशनकार्ड चुकलं असणार असं ठरवून मी तहसील कचेरीला दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला. पहिलं वाक्य लिहून झालं आणि रतन चहा घेऊन आली.

मी पेन खाली ठेवला.

“रतन, तू आंघूळ कवा करतीस?”

“तुमी समदी झाल्यावं. गार पान्यानं.”

“आन झोपतीस कुठं?”

“सैपाकघरात. चुलीम्होरं.”

“नऊ म्हयने?”

“व्हय.”

“मग बोलली का न्हाईस?”

ती तक्त्याकडं बघत म्हणाली, “त्यात पोरंच बसंनात अजून. त्येंचं झाल्यावं सांगनार व्हते.”

मी माझं नाव खोडलं आणि मधल्या खोलीपुढे तिचं लिहिलं. तिनं ते वाचलं. मग विचारलं, “आन तुमी?”

या प्रश्नासाठी आमच्याकडे नमुना नाही. मी चहा प्यायलो.

नऊ महिने बायको कुठं झोपते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तुम्ही जे म्हणत असाल ते म्हणा. मी सहीनिशी मान्य करतो. पण तक्ता तुम्हीही पाहिला होता. तुम्ही मुलं मोजलीत, म्हशी कुठं बांधल्या तेही ध्यानात ठेवलंत, आणि रतन कुठं झोपते हे न विचारता इथवर आलात. तुमच्या घरची बेरीजही बहुधा तुम्हीच करत असाल.