अर्धी फळी

शहापुरात आमच्या समोरच्या घरात वैजूआप्पांचा माग होता. जमिनीत खड्डा, खड्ड्याच्या काठावर फळी, फळीवर आप्पा, आणि पाय खाली अंधारात पट्ट्या दाबत. या मागाला दोरी असते. मधे बसून ती ओढली की आडवा धागा नेणारा धोटा आपला या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो. पण आप्पा मधे बसायचेच नाहीत. फळीच्या डाव्या टोकाला एवढे कडेला बसायचे की पाहणाऱ्याला वाटावं, आता पडले. उजवी अर्धी फळी मोकळी. दोरीसाठी दिवसभर वाकडं व्हायचं आणि संध्याकाळी खांद्याला तेल चोळत बसायचं.

दर सोमवारी मागाला हात जोडून ते शपथ घ्यायचे. "आजपास्नं मधी बसणार. न्हाय बसलो तर आठवडाभर च्या बंद." सकाळी खरंच मधे बसायचे. मी शाळेतून दुपारी जेवायला येईपर्यंत स्वारी सरकत सरकत पुन्हा डावीकडे.

"आप्पा, शपथ?"

"बुडाला शपथ लागू हुईत न्हाय, मास्तर," म्हणायचे, आणि आठवडाभर चहाला शिवायचे नाहीत. तेवढं मात्र कडक. अकरा वर्षं या माणसानं चहा घेतला नव्हता, तो असा. एरवी आप्पांची शपथ म्हणजे दगडावरची रेघ. विडी सोडली ती सोडली. सख्ख्या थोरल्या भावाशी, परशाअण्णांशी, बोलणं सोडलं तेही सोडलंच.

ते भांडण या दोरीवरूनच झालं. पूर्वी रुंद लुगड्याला दोघं लागत. अण्णा उजवीकडे, आप्पा डावीकडे. एकानं धोटा फेकायचा, दुसऱ्यानं झेलायचा. वीस वर्षं असं चाललं. मग दोरीचा माग आला आणि अण्णा सहज बोलून गेले, "आता एका मागाला एक माणूस पुरं." आप्पांच्या ते वर्मी लागलं. "म्हंजे मी नगं झालो व्हय? मग तू बोलीवल्याबिगर तुझ्याशी बोलणार न्हाय." अण्णाही त्याच आईचे. ते वडगावात जाऊन राहिले. दोन घरांत अंतर किती, तर पान खाऊन होईपर्यंतचं.

गंमत अशी, की दर शनिवारी आप्पा मारुतीला म्हणून निघायचे आणि वडगावात अण्णांच्या गल्लीच्या तोंडाशी पोचायचे. तिथं भानावर येऊन स्वतःलाच शिव्या देत परत.

"आपल्या हातात काय न्हाय बगा," मला सांगायचे. "कापड वर दिसतंय, पर विणत्यात खड्ड्यातलं पाय. त्येंच्या मनात काय हाय ते आमास्नी कुटं ठावं."

एकदा बहिणीसाठी लुगडं हवं होतं. आप्पांकडे तयार नव्हतं, म्हणून मी परशाअण्णांकडे गेलो, आणि दारातच थबकलो. म्हातारा फळीच्या उजव्या टोकाला बसून दोरीसाठी वाकडा होत होता. डावी अर्धी फळी मोकळी. सून हसून म्हणाली, "मामंजी पैल्यापास्नं तसंच बसत्यात. किती सांगितलं तरी ऐकत न्हाईत."

परत आल्यावर मी आप्पांना पाहिलं ते सांगितलं. माग थांबला.

"कुठल्या अंगाला म्हणालासा?"

"उजव्या. डावीकडं रिकामं."

आप्पा खड्ड्यातून पाय काढून उठले, मुंडासं बांधलं आणि चालू लागले. मी मागोमाग. "आप्पा, शपथ?"

"ती तोंडाची हाय. पायाची न्हाय."

वडगावात ते आत गेले आणि मुकाट्यानं फळीवर डावीकडे बसले. अण्णांनी वळून पाहिलंसुद्धा नाही. हातातली दोरी सोडली, धोटा उचलला आणि फेकला. आप्पांनी झेलला. मी तिथं फार वेळ उभा राहू शकलो नाही. रडू येत होतं, आणि एवढ्या मोठ्या माणसांच्या हट्टाचा रागही.

पुढं दोन वर्षं आप्पा रोज दुपारी वडगावला जात. माग चालायचा, धोटा जायचा-यायचा, बोलणं मात्र नाही. अण्णा "ये" म्हणाले नाहीत, म्हणून आप्पा बोलले नाहीत. मग एका पावसाळ्यात अण्णा तापानं गेले.

आप्पांचा घरचा माग दुपारीही पुन्हा सुरू झाला. अजून डाव्या टोकालाच बसतात. सोमवारची शपथ मात्र सोडली आहे. परवा मी चहा नेऊन दिला, तर निमूटपणे घेतला. कपबशी उजवीकडच्या मोकळ्या फळीवर ठेवायला गेले, आणि हात मागे घेऊन खाली जमिनीवर ठेवली.

"सगळ्या शपता पाळल्या, मास्तर," म्हणाले. "ती येवढी एक मोडाय पायजे हुती."